वर मूठभर काकडं

"मावशी, हे काय असतं?"

"शेवळं."

"म्हणजे भाजी?"

"भाजी."

"कशी करतात?"

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, कामशेतच्या जरा पुढे, गेल्या वर्षी जूनमध्ये छत्रीखाली उभा राहून मी हा संवाद ऐकला. विचारणारे गृहस्थ पुण्याचे, गाडी पांढरी, दार उघडं आणि आत एसी चालू. सांगणाऱ्या बाई कातकरी. पुढ्यात पोतं अंथरलेलं, त्यावर शेवळांच्या दहा-बारा जुड्या, बाजूला काकडांचा, म्हणजे हिरव्या रानफळांचा, छोटा ढीग. बाईंनी सांगितलं, वरची सालं काढायची, आतला पिवळा भाग टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. काकडं ठेचून रस घालायचा, तो खाज मारतो. गृहस्थ म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट," आणि फोन काढला. "आता परत सांगा, इकडे बघून." बाईंनी परत सांगितलं. मग कुठल्या जंगलात मिळतात, किती दिवस मिळतात, तुम्ही कुठल्या समाजाच्या, अच्छा कातकरी, म्हणजे ते उंदीर खातात ते का, पोरं शाळेत जातात का. पंचवीस मिनिटं. शेवटी मुद्द्याची गोष्ट: "चाळीसला जुडी? तीसला द्या ना, व्हिडिओमुळे तुमचीच जाहिरात होईल." जुडी तीसला गेली. वर मूठभर काकडं फुकट. तो रिवाजच आहे.

मी हिशेब मांडला. पाककृती, वनस्पतिशास्त्र, विषबाधेवरचा उतारा, समाजशास्त्राची तोंडी परीक्षा आणि चित्रीकरण. एकूण मोबदला: उणे दहा रुपये.

आपल्याला जे येतं त्याला अनुभव म्हणतात आणि त्याची पावती जीएसटीसकट फाडतात. बाईंना जे येतं ती 'माहिती'. माहिती विचारायची असते, विकत कोण घेतं?

मावळच्या कातकऱ्या-ठाकरांचं एक दुखणं भूगोलातच आहे. गडचिरोलीच्या आदिवासीला भेटायचं तर रजा टाकावी लागते. मावळातला आदिवासी शनिवारी जाऊन रविवारी परत येण्यासारखा आहे. मुंबईहून घाट चढला की हा, पुण्याहून लोकलने उतरलं की हा. त्यामुळे दोन शहरांतली सगळी जिज्ञासा याच वस्त्यांच्या ओट्यावर येऊन बसते. समाजकार्याचे विद्यार्थी, कंपन्यांच्या सीएसआरवाल्या मॅडम, फोटोग्राफीचे क्लास, 'मुळांचा शोध' घ्यायला निघालेले आर्किटेक्ट आणि अधूनमधून, खोटं कशाला बोलू, स्तंभलेखक.

महाराष्ट्रात तीन जमाती सरकारदफ्तरी 'विशेष असुरक्षित' आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे कातकऱ्यांबद्दल विचारायला आलेल्या माणसाला स्वतःला विशेष महत्त्वाचं वाटण्याची सोय सरकारनेच केली आहे. दिवाळी झाली की निम्मी वस्ती वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जाते, पावसाच्या तोंडावर परत येते. घर शाकारायचं, खावटी बघायची, मुलाचं शाळेतून गेलेलं नाव परत घालायचं, नेमक्या त्याच दिवसांत आठ पानी प्रश्नावली दारात हजर. कुटुंबात माणसं किती, उत्पन्न किती, शौचालय आहे का. विचारणारा नवा असतो, प्रश्न जुना असतो आणि शौचालय गेल्या प्रश्नावलीच्या वेळी होतं तिथंच असतं, म्हणजे कागदावर. एका वस्तीत मी बसलो होतो तेव्हा प्रश्न आला, "आपले मनोरंजनाचे साधन कोणते?" म्हाताऱ्याने विडीची राख झाडली आणि सांगितलं, "तुम्ही येता ते." प्रश्नावली भरणाऱ्या मुलीने प्रामाणिकपणे 'इतर' या रकान्यात खूण केली.

लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टचीही गोष्ट सांगतो, नाव नको. रिसेप्शनच्या भिंतीवर तारपा वाजवणारा माणूस आणि भोवती नाचणाऱ्यांची गोल रांग. वारली चित्र, स्टिकरचं. चादरी बदलणारी मुलगी जवळच्या कातकरवाडीतली. वारल्यांचा मुलूख डहाणू-तलासरीकडचा. हिच्या घरात कुणी भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेघसुद्धा ओढलेली नाही. पण पाहुण्यांना कळलं की ही 'ट्रायबल' आहे, की झालं. "ताई, याचा अर्थ काय हो? हा गोल म्हणजे आयुष्याचं चक्र ना?" सुरुवातीला ती सांगायची, आमचं नाही हे. त्यावर लोकांचा चेहरा असा पडायचा, जणू खोलीत गरम पाणी नाही. मॅनेजरने समजावलं, काहीतरी सांगत जा. आता ती सांगते. कधी लग्न, कधी पाऊस, कधी आयुष्याचं चक्र. तिचा अर्थ ऐकून लोक हळवे होतात आणि गूगलवर पाच तारे देतात. रिसॉर्टला.

शाळेचं स्नेहसंमेलन तर आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. कमरेला आंब्याची पानं, तोंडाला काळा रंग, हातात भाला आणि कुठल्याही भाषेत नसलेलं एक गाणं: याला 'आदिवासी नृत्य' म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका ठाकर गृहस्थांची मुलगी अशाच एका शाळेत होती. बाईंनी मोठ्या मनाने निरोप धाडला, "तुमचा खरा पोशाख घेऊन या आणि मुलींना दोन स्टेप्सही दाखवा." गृहस्थ ग्रामपंचायतीत शिपाई. खरा पोशाख म्हणून खाकी शर्ट-पँट घेऊन गेले.

बरं, हे सगळे प्रश्न आजवर कुणी विचारलेच नसते तर गोष्ट वेगळी. ए. एन. वेलिंग यांचं 'द कातकरीज' हे पुस्तक १९३४ सालचं आहे. कातकऱ्यांचं काथोडी हे नाव खैरापासून काथ काढण्याच्या कामाशी जोडतात, हे पान खाणाऱ्या माणसाला तरी ठाऊक असावं. डॉ. गोविंद गारे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींवर मराठीत पुस्तकांचा ढीग लिहून ठेवला, आणि ते स्वतः जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी. म्हणजे घरच्याच माणसाने शिकवणीही घेऊन ठेवली आहे, नोट्ससकट. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथं संग्रहालय आहे. लोणावळ्याहून पुण्याला जायला लोकल आहे. पण पुस्तकाशेजारी उभं राहून फोटो काढला तर लाइक पडत नाहीत आणि संग्रहालयात काकडं मिळत नाहीत. शिवाय वाचायला आपला वेळ जातो. विचारलं की दुसऱ्याचा जातो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू.

रस्त्यावर जी बाई चालतं-बोलतं विद्यापीठ असते, तिचीच मुलगी जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीला गेली की एकदम संशयित होते. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची घडी बसवून दिली. ते प्रकरण महादेव कोळी असल्याच्या खोट्या दाव्याचं होतं, वैद्यकीय प्रवेशासाठीचं. बोगस आदिवासी हा खरा रोग आहे आणि कडक पडताळणी व्हावी ही मागणी आदिवासी संघटनांचीच आहे, हे सांगितलं पाहिजे. पण औषध कुणाला पाजलं जातं, तेही बघा. तुमचा देव कोणता, लग्न कसं लावता, मेल्यावर काय करता, पुरता की जाळता. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. होस्टेलात वाढलेली, मोबाइलवर सिनेमाची गाणी ऐकणारी पोर अडखळते. खोटा दावेदार वेळ काढून सगळं पाठ करून येतो. पाठ कशातून करतो? बहुधा त्याच पुस्तकांतून, जी पुण्याचे गृहस्थ वाचत नाहीत. शिवाय ६ सप्टेंबर १९५० आधीचा पुरावा. ज्याचा आजा रानात जन्मला आणि भट्टीवर मेला, त्याने आजाचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा. शाळेत गेलाच नाही तो सोडणार कुठून?

ठाकरांच्या एका संघटनेने हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, आप्तभाव चाचणी म्हणजे काही शेवटची कसोटी नव्हे. लोक स्थलांतर करतात, शिकतात, बदलतात. जुन्या चालीरीती सांगता आल्या नाहीत म्हणून जमात जात नाही. ही गोष्ट न्यायालयाला कळायला एवढी वर्षं लागली. रिसॉर्टच्या पाहुण्यांना किती लागतील ते तेच जाणोत.

तर अशी ही दुहेरी शाळा. आपल्याला हवं तेव्हा बाई गुरू, आणि तिला काही हवं असलं की ती परीक्षार्थी. फी दोन्हीकडे तिचीच जाते. एकीकडे वेळ, दुसरीकडे रोजगार बुडवून पुण्याची खेप.

घाटाखालच्या इर्शाळवाडीचं नाव घेताना मात्र तिरकस लिहिवत नाही. इर्शाळगडाला जाणाऱ्या किती ट्रेकर मंडळींनी त्या ठाकरवाडीत भाकरी खाल्ली, वाट विचारली. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि वाडी गेली. जे वाचले त्यांना दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न, प्रत्येक कॅमेऱ्यापुढे पहिल्यापासून: आवाज कसा आला हो? एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगता येईल अशी सोय पत्रकारितेत का नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

दूर ऑस्ट्रेलियात या फुकट शिकवणीच्या धंद्याला नाव पडलंय, 'कल्चरल लोड'. ऑफिसात एकच अ‍ॅबोरिजिनल कर्मचारी असतो. आपलं काम करून त्याने बाकीच्यांना इतिहास शिकवायचा, त्यांच्या चुका गोड शब्दांत दुरुस्त करायच्या, समारंभ आला की दोन शब्द बोलायचे आणि कुणी काही वेडंवाकडं बोललंच तर आधी त्याची समजूत काढायची. पगार मूळ कामाचाच. तिकडे १४ ऑक्टोबर २०२३ ला सार्वमत झालं. आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं एक सल्लागार मंडळ घटनेत असावं का, एवढाच सवाल. शंभरात चारही नसलेल्या लोकांनी उरलेल्या शहाण्णवांना महिनोन् महिने समजावलं. साठेक टक्के लोक 'नाही' म्हणाले. त्या रात्री तिथल्या अनेक आदिवासी पुढाऱ्यांनी जाहीर केलं, आता आठवडाभर मौन. निवेदन नाही, मुलाखत नाही, आमचं काय चुकलं याची चर्चाही नाही. झेंडे अर्ध्यावर.

मला ती कल्पना फार आवडली. म्हटलं, असा एक आठवडा मावळात पाळला तर? जूनचाच घ्यावा. ढाकच्या बहिरीच्या गुहेची वाट कुणी दाखवणार नाही. कुठली अळंबी खायची आणि कुठली खाल्ली की सरळ दवाखाना गाठायचा, कुणी सांगणार नाही. प्रश्नावल्या कोऱ्या परत. तारपेवाल्या माणसाचा अर्थ पाहुण्यांनी आपापला लावावा. आणि लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या एका बंगल्यात यूट्यूब बघून शेवळांची भाजी शिजेल, पिवळा भाग न काढता, काकडांशिवाय. साग्रसंगीत, काजू घालून. मग रात्री सगळं घर घसा धरून बसेल.

ही कल्पना घेऊन मी यंदा कामशेतला गेलो. म्हटलं मावशींना विचारावं, त्यांना काय वाटतं. होय, विचारायलाच गेलो होतो, सवय. या सदराचे मला पैसे मिळतात, त्यांना नाही, हेही मनात होतं. पण ते वाटेत कुठेतरी गाडीतच राहिलं असावं.

पोतं तेच, जागा तीच. मी सुरुवात केली, "मावशी, ओळखलंत का? गेल्या वर्षी..." त्यांनी ओळखलं की नाही ते कळलं नाही. दोन जुड्या पुढे सरकवल्या.

"ऐंशी."

मी पैसे दिले आणि सवयीने काकडांच्या ढिगाकडे हात नेला. त्यांनी ढीग पदराखाली ओढून घेतला.

"त्याचे दहा."

"अहो, काकडं तर वर देता ना नेहमी?"

मावशी काही बोलल्या नाहीत. मागून एक पांढरी गाडी थांबली, दार उघडलं आणि एसीचा थंड झोत माझ्या पोटरीवर आला. मी खिशात सुटे दहा शोधू लागलो.