माळढोकाची हद्द

जुलै अर्धा सरला की बेळगावकराला वाळवंटाची ओढ लागते. कपाटातल्या कातडी पट्ट्याला हिरवी लव फुटलेली असते. काडी घासली तर पेटीच्या कडेला गुलाचा लगदा चिकटतो. स्वयंपाकघराच्या खिळ्यापासून देवघराच्या चौकटीपर्यंत ताणलेल्या दोरीवर अख्ख्या घराचे बनियन टांगलेले असतात, आणि पूजेला बसलेल्या माणसाला त्यांतून वाट काढतच देवदर्शन घ्यावं लागतं.

अशाच एका रात्री निपाणीहून आप्पाचा फोन आला. आप्पाचा तंबाखूचा व्यापार.

"वखारीतला माल मऊ पडलाय, आणि माझं डोकंबी. चल, वाळवंट बघून येऊया."

"कधी?"

"आत्ता म्हणतोय की. पहाटे निघ."

आप्पाने जैसलमेरजवळचं राष्ट्रीय मरू उद्यान शोधून ठेवलं होतं. तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं, वाळूच्या टेकड्या, आणि मीटरभर उंचीचा माळढोक. अंतर दीड हजार किलोमीटर तरी. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जावा की. सोमवारी गॅस येणार आहे, त्याच्या आत परत या. आणि एवढं वाळवंटात जाताच आहात, तर दोरीवरचे कपडे घेऊन जावा."

सोमवारच्या आत बसणारं वाळवंट शोधणं भाग पडलं. आप्पाने तोडगा काढला, "सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. पुढं कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट. पक्षी तोच, डिझेल कमी."

पहाटे हत्तरगी, संकेश्वर करत निपाणी गाठली. आप्पा पिशवीभर दशम्या घेऊन उभाच होता. मागच्या सीटवरची दोरी आणि तिच्यावरचा संसार पाहून तो क्षणभर थांबला, मग आत जाऊन स्वतःचे दोन ओले टॉवेल घेऊन आला.

चिकोडीवरून मांजरीजवळ कृष्णा ओलांडली, मिरज मागे पडलं, आणि नागजच्या पुढे ढग विरळ होऊ लागले. सह्याद्रीवर आपटून रिकामे झालेले ढग इथवर येतात ते नुसते हजेरी लावायला. आमच्याकडे पडतो त्याच्यापेक्षा बराच कमी पाऊस सोलापूर भागाच्या वाट्याला येतो. सांगोल्याला डाळिंबाच्या बागा लागल्या, मंगळवेढ्याला ज्वारीची काळी रानं. आप्पा खिडकीतून हात बाहेर काढून हवा चाचपत होता. "कोरडी आहे रे," तो भक्तिभावाने म्हणाला. मागे बनियन फडफडत होते.

सोलापुरात शेंगाचटणी घ्यायला थांबलो. दुकानदाराने 'केए' पाटी पाहून आपुलकीने विचारलं, "ऊटा आयता री?" मी कन्नडमध्ये जेवण झाल्याचं सांगितलं. आप्पाने मात्र ठणकावून मराठीत पावशेर चटणी मागितली. महाराष्ट्रातला माणूस कन्नडमधून ख्यालीखुशाली विचारतो आणि कर्नाटकातला मराठीतून चटणी मागतो, हे राज्य पुनर्रचना आयोगाने बघायला हवं होतं. चटणी दोघांनाही झोंबली.

नान्नजला मात्र वाळवंटाने दगा दिला. माळ हिरवागार, आणि शेजारी द्राक्षबागा. 'सोनाका' ही द्राक्षाची जात याच गावची, हे आम्हाला तिथे कळलं. मनोऱ्यावर चढून दुर्बीण लावली. काळवीट दिसले, एक खोकड दिसलं. माळढोकाचा पत्ता नाही. पंधरा किलोंपर्यंत वजनाचा हा पक्षी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. उडतो जड, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकतो. आता या माळावर एखादा दिसला तरी बातमी होते.

खाली एका बागाईतदाराने चहा पाजला. त्यानं सांगितलेली गोष्ट माळढोकापेक्षा रंगली. 1979 साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर भरलं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके आत. शेतं, घरं, बाजार, सगळं अभयारण्य. लोकांना जमीन विकायची पंचाईत, काही बांधायची पंचाईत.

"पक्षी कधी दिसला नाही, पण नोटीस दिसायची," तो म्हणाला.

आप्पाचे डोळे भरून आले. "म्हणजे तुम्हीबी सीमाभागातलेच की हो!"

"पण 2012 च्या सुमारास हद्द कमी झाली. बाराशेवर आली."

"तेहतीस वर्षांत?" आप्पा कपावरच थबकला. "आमचं 1956 पासून चाललंय."

इथे सांगायला हवं, की सीमावादावरच्या 1967 च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवावं असं म्हटलं होतं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, पण आप्पाने आतून स्वीकारला आहे. तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्याचा आवाज जरा कोल्हापूरकडून येतो.

चहा संपतो न संपतो तोच पाऊस कोसळला. गाडीच्या काचा उघड्या. बनियन, टॉवेल, दशम्या, सगळं पुन्हा मूळ पदावर. बागाईतदार अंगणात उभा राहून भिजत होता. "पंधरा दिवस थेंब नव्हता. तुमचा पायगुण!" त्याच्या म्हाताऱ्या आईने तर आम्हा दोघांना नारळ देऊन मुक्काम करा म्हणून गळ घातली. बेळगावात पावसाचं श्रेय घेणाऱ्याला लोक मारतील.

मुक्काम केला नाही. बार्शी, करमाळा करत रेहेकुरी गाठलं. दोन चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे अभयारण्य 1980 पासूनचं. फाटकाशी नोंदवही होती. नाव, गाव, राज्य, गाडी नंबर. मी 'कर्नाटक' लिहून मोकळा झालो. आप्पाने 'निपाणी' लिहिलं, पुढच्या रकान्यात 'महाराष्ट्र', आणि त्यापुढे कंसात 'न्यायप्रविष्ट'.

वनरक्षकाने वही वाचली, मग गाडीची पाटी वाचली, मग मागच्या सीटवरचे बनियन.

"पाव्हणं, ही गाडी कर्नाटकची दिसतीया."

"2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे," आप्पा म्हणाला.

"गाडी?"

"गाव हो!"

वनरक्षकाने शांतपणे पावतीपुस्तक काढलं. "गावाचा निकाल लागंल तवा लागंल. चारचाकीचं पैसं आत्ता द्या. आणि तेवढी धुणी काढा, काळवीट बुजत्यात."