साधना, पण बिनपैशांची

पोकर या पत्त्यांच्या खेळात नशिबापेक्षा कौशल्य वरचढ असते, असे ऑनलाइन पोकर कंपन्या भारतातील न्यायालयांत वर्षानुवर्षे सांगत आल्या. डाव कोणीही जिंकला तरी त्यातील एकत्रित रकमेतून ‘रेक’, म्हणजे कंपनीचे कमिशन, बिनचूक कापले जात असल्याने निदान कंपन्यांच्या कौशल्याबद्दल शंकेला जागा नव्हती. ऑक्टोबर 2023 पासून खेळाडूने जमा केलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा शंभर रुपयांतून कापल्या जाणाऱ्या सुमारे 22 रुपयांची भरपाई अनेक कंपन्यांनी उदार होऊन ‘बोनस’रूपाने केली. ऑगस्ट 2025 मध्ये मात्र संसदेने कौशल्य आणि नशीब हा भेदच निकालात काढून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यावर काही कंपन्या न्यायालयाची पायरी चढल्या, तर काहींनी रोख डाव गुंडाळून, वाणी ज्यांच्या बदल्यात पावशेर साखरही देणार नाही अशा आभासी नाण्यांवर फुकटचे डाव मांडले. कौशल्याच्या निखळ साधनेची एवढी सोय झाली असतानाही तिच्या जाहिरातीसाठी क्रिकेटपटू गाठण्याची पूर्वीची घाई आता दिसत नाही. नव्या कायद्यात खेळाडूला शिक्षा नाही. पैसे लावण्याचा खेळ चालवणाऱ्याला मात्र 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.