डेमोतला पेशंट

रेडिऑलॉजीचं सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे स्वतःचा एक पेशंट असतो. नाव 'टेस्ट पेशंट', वय पस्तीस. तो एकटा येतो, वेळेवर येतो. उपाशीपोटी या म्हटलं तर उपाशी येतो, पाणी पिऊन या म्हटलं तर पाणी पिऊन. पूर्ण पैसे भरतो आणि त्याचा रिपोर्ट नॉर्मल निघतो. असा माणूस सांगली जिल्ह्यात माझ्या पाहण्यात नाही.

आमचं सेंटर तालुक्याच्या गावी. सगळा कारभार आजवर रजिस्टरवर आणि टायपिस्ट काकांच्या स्मरणशक्तीवर चालत आला. काका साठीला आले, त्यांचं लक्ष द्राक्षबागेकडे लागलं, तेव्हा मी आरआयएस घ्यायचं ठरवलं. पेशंटची नोंद झाल्यापासून रिपोर्ट त्याच्या हातात पडेपर्यंतचा हिशेब ठेवतं ते आरआयएस. प्रतिमा साठवतं ते पॅक्स. हा फरक मी वडिलांना पंधरा मिनिटं समजावून सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे दोनदा पैसे." विषय त्यांना पूर्ण समजला होता.

पहिल्या कंपनीचा मुलगा पुण्याहून आला. माझ्या केबिनमध्ये, एसी लावून, त्यानं टेस्ट पेशंटची नोंद केली, स्कॅन केला, रिपोर्ट दिला. शेवटी डॅशबोर्डवर रंगीत खांब उभे राहिले. मी जवळजवळ चेकबुक काढलं होतं. तेवढ्यात काउंटरवरच्या वहिनी बिलावर सही घ्यायला आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "एक पाटील टाका बघू."

त्यानं पाटील टाकले.

"आता दुसरे टाका. नाव तेच, गाव तेच. मोबाइल नंबरही तोच, कारण मोबाइल भाच्याचा आहे."

त्यानं जन्मतारीख विचारली. 1 जून. पहिल्या पाटलांचीही 1 जूनच होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राचा जन्म त्या एका दिवशी उरकलेला आहे, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर पिवळी चौकट आली: हे दोघे एकच दिसतात, एकत्र करू का?

"नका हो," वहिनी म्हणाल्या, "त्यांची वाटणी होऊन वीस वर्षं झाली."

तिथून डेमो माझ्या हातात राहिला नाही. वहिनींनी पुढची केस काढली. पोरगी माहेरी आली आहे, सातवा महिना. तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी इथेच, पण सासूबरोबर आणि सासरच्या नावानं. आता आईबरोबर आणि आधार कार्डावरच्या माहेरच्या नावानं. जुना रिपोर्ट सापडेल का? मुलगा शोधत राहिला. मग मी एफ फॉर्म काढला. गर्भवतीची सोनोग्राफी म्हटली की 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यानं तो आलाच. शिवाय दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत मागच्या महिन्याचा अहवाल पाठवायचा. एफ फॉर्ममधली चूक कारकुनी समजून सोडून द्या, ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये फेटाळली. तेव्हापासून त्या फॉर्ममधला रिकामा रकाना दिसला की माझे ठोके मला ऐकू येतात.

"फॉर्म अर्धवट असेल तर रिपोर्ट प्रिंट होतो?" मी विचारलं.

"लगेच होतो सर! कुठेच अडत नाही."

नेमकं तिथेच अडायला हवं, हे त्याला पटवता पटवता चहा गार झाला.

दुसरी कंपनी मोठी होती. तिच्या माणसानं बूट दाराबाहेर काढले, यावरूनच सॉफ्टवेअर महाग असणार हे ओळखलं. मी वर्कलिस्टचं विचारलं. काउंटरवर लिहिलेलं नाव आपोआप सीटीच्या मशीनवर दिसलं पाहिजे, नाहीतर टेक्निशियन ते पुन्हा टाइप करतो आणि एका माणसाची दोन माणसं होतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या मशीनांना एकमेकांचं कळावं म्हणून अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांनी आणि उत्पादकांनी मिळून 1985 मध्ये एक प्रमाण ठरवलं, 1993 पासून ते डायकॉम नावानं चालतं. मशीनांचं तेव्हापासून बरं जमतं. माणसांचं तेवढं जमलेलं नाही. सॉफ्टवेअरवाला मशीनवाल्याकडे बोट दाखवतो, मशीनवाला म्हणतो लायसन्स वेगळं लागेल. "आत्ता जोडून दाखवा," मी म्हटलं. "इंटिग्रेशन होऊन जाईल सर," तो म्हणाला. ते कोटेशनमध्ये लिहून द्या म्हटल्यावर त्याला फोन आला.

काकांनी त्याला एकच केस दिली: पित्ताशय काढून टाकलेला पेशंट. पोटाचा नॉर्मल टेम्प्लेट उघडला आणि पित्ताशय ठणठणीत असल्याचं त्यात आधीच लिहिलेलं होतं. "डॉक्टर डावी म्हणाले आणि बोट उजवीवर असलं, तर हे थांबवतं का?" काकांनी विचारलं. नाही म्हणाला. काका इतके प्रसन्न हसले की त्यांचं वय कमी दिसायला लागलं.

करार संपला तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हा माझा शेवटचा प्रश्न. "सर, आम्हाला सोडून आजवर कुणी गेलेलंच नाही." वहिनी हळूच म्हणाल्या, "जाता येत नसेल."

त्याच कंपनीच्या एका जुन्या ग्राहकाला मी फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी तोंड भरून कौतुक केलं. वहिनींनी तिथल्या काउंटरवर वेगळा फोन लावला आणि एवढंच विचारलं, रजिस्टर अजून ठेवता का? "ठेवतो की. खरं तेच. कॉम्प्युटरवर संध्याकाळी भरतो."

शेवटी घेतलं ते तिसरं. त्याचे रंग बरे नाहीत आणि अक्षरं बारीक आहेत. पण त्याचा माणूस केबिनमध्ये बसलाच नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तो वहिनींच्या शेजारी स्टूल टाकून बसला. दोनदा लाइट गेली. एक आजी थोरल्याचा दुष्काळ आणि धाकट्याचा पूर यांवरून स्वतःचं वय काढत बसल्या. फिल्म घ्यायला पेशंटऐवजी शेजारी आला. सवलतीच्या रकान्यात कारण निवडायला 'ज्येष्ठ नागरिक' आणि 'इतर' एवढेच दोन पर्याय होते. ते बघून वहिनींनी त्याला एक यादी लिहून दिली: सरपंचांची चिठ्ठी, डॉक्टरांच्या मेहुण्यांचे मित्र, मागच्या वेळी जास्त घेतले होते, आणि नुसतेच ओळखीचे. सकाळपर्यंत त्यानं चारही पर्याय चढवले. महिनाअखेरीला डॅशबोर्ड उघडला की आता शेवटचा खांब सगळ्यांत उंच असतो.