पिंपळफाट्याचे सीआयडी मामा

दर तालुक्याच्या गावात एक तरी माणूस असा भेटतो, ज्याला टीव्हीवरची जोडी भावकीपेक्षा जवळची असते. रेणापुरात तो मान सीआयडी मामांचा. त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर असेल. पिंपळफाट्यावर ते कुणी वापरत नाही. मामा नायकाचे भक्त नाहीत, जोडीचे आहेत. एकटा नायक त्यांना अधांतरी वाटतो. अमिताभ पडद्यावर एकटा आला की मामा म्हशीला पाणी दाखवायला उठतात, आणि बाजूला धर्मेंद्र आला की गोठ्यातूनच ओरडतात, "आवाज वाढीव!" 1975 चा 'शोले' हा मामांच्या मते डाकूंचा सिनेमाच नाही. "गब्बर नसता तरी भागलं असतं," ते म्हणतात, "साइडकारची गाडी मात्र पायजेच होती."

मामांच्या पंचांगात 21 जानेवारी 1998 ही तिथी ठळक आहे. त्या दिवशी सोनीवर 'सीआयडी' सुरू झाली. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम मूळचे बँकेतले, मालिका काढणाऱ्या बी. पी. सिंगांनी त्यांना आधी दूरदर्शनच्या मराठी 'एक शून्य शून्य'मध्ये पोलीस केलं होतं, आदित्य श्रीवास्तव अभिजित होण्याआधी याच मालिकेत गुन्हेगार म्हणून येऊन गेला होता, 2004 साली एक अख्खा भाग 111 मिनिटांच्या एकाच शॉटमध्ये उतरवला होता, हे सगळं मामांना तोंडपाठ. यंदा सोयाबीन किती एकर पेरलं असं विचारलं की मात्र म्हणतात, "तात्याला माहीत."

मालिकेतली पोलिसांची जोडी म्हणजे दया आणि अभिजित. तात्या म्हणजे मामांचे अभिजित. मामा अंगानं दांडगे, कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले. तात्या किडकिडीत, जन्मभर एसटीत वाहक. दोघांचा बांध लागून, विहीर सामाईक, मोटारसायकल एक. ती चालवतात मामा, आणि ब्रेक कधी मारायचा हे मागं बसून तात्या ठरवतात. थ्री फेज लाइट रात्रीची असली की दोघं बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतात, पाण्याची पाळी संपेपर्यंत आखाड्यावर एकाच बाजेवर पाठीला पाठ लावून पडतात, आणि दिवस उगवायच्या वक्ताला घरी येतात. मामींचं यावर एकच वाक्य ठरलेलं: "ह्यांचं लगीन माझ्यासंगं लागलं, संसार तात्यासंगं चाललाय." मामी हे रागानं म्हणत नाहीत. म्हणता म्हणता चहाला आधण ठेवतात, आणि त्यात तात्यांचा कप धरलेला असतो.

भारनियमनाच्या दिवसांत या जोडीची खरी कसोटी लागली. एका शुक्रवारी दयानं दार तोडायला पाय उचलला आणि लाइट गेली. दुसरा माणूस देवाला हात जोडून झोपला असता. मामांनी गाडीला किक मारली, तात्या मागं बसले, आणि दोघं लातूरला पाहुण्याच्या दारात हजर. पाहुण्यानं विचारलं, "काय झालं? कोण गेलं?" मामा म्हणाले, "लाइट." तोवर भाग संपला होता. दार तुटलं की नाही, हे त्या रात्री कळलं नाहीच. परतताना तात्यांनी समजूत घातली, "तुटलंच असंल. दयाचं कधी हुकलंय का?" मामांना झोप लागली ती त्या एका वाक्यावर.

हॉटेलातल्या बाकावर बसलेले हे दोघं एकदा जवळून बघावेत. चहा एकच सांगायचा, दोघांत. तात्या आपला अर्धा बशीत ओततात, फुंकर घालतात, आणि बशी मामांपुढं सरकवतात. मामांना साखरेचा त्रास, म्हणून पोऱ्याला आधीच दटावलेलं असतं, "बिनसाखरेचा हाय ना रे?" मामा तोंड वाकडं करून पितात. मग तात्या सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढतात, त्यातून गोळी काढतात, तिची अर्धी तोडतात आणि मामांच्या तळहातावर ठेवतात. मामा ती न बघता तोंडात टाकतात. गोळी मामांची, खिसा तात्यांचा. डॉक्टरचा कागदही तात्यांकडेच असतो.

मामांची नात लातूरला नीटच्या क्लासला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर एक नवीनच खजिना उघडून दाखवला. दया आणि अभिजितच्या चाहत्यांनी, त्यांत पोरीच जास्त, या दोघांवर ढिगानं कथा लिहिल्यात. त्या जोडीला त्या 'ड्युओ' म्हणतात. एका कथेत दयाला गोळी लागते आणि अभिजित रात्रभर दवाखान्यात त्याचा हात धरून बसतो. नात वाचत होती, मामा आणि तात्या बाजेच्या दोन टोकांना बसून ऐकत होते. मध्येच ती थांबली आणि जरा चाचरत म्हणाली, "आजोबा, काही लोकांना वाटतं, ही नुसती दोस्ती नाही. ह्यांचं एकमेकांवर प्रेम हाय."

मामांनी क्षणभर तात्यांकडं बघितलं. तात्या आढ्याकडं बघत होते.

"असंना का," मामा म्हणाले. "दया वाचला का ते सांग."

नात हुशार. तिनं मग आजोबांचाच अभ्यास घेतला. म्हणाली, असल्या मालिकांत जोडीला घरच देत नाहीत. पुढच्या भागात गुन्हा तयार असतो, त्यामुळं गडी मोकळा लागतो. डॉक्टर तारिकाशी अभिजितचं बोलणं हसण्यापलीकडं सरकत नाही, श्रेयाचं आणि दयाचं जमता जमता राहतं. बायका येतात आणि जातात, कायमचा उरतो तो एक जोडीदार. मग त्याच्यासाठी गोळी झेलायची, त्याच्यावर रुसायचं, त्याच्या उशाला बसायचं. लेखकांनी प्रेमातली सगळी कामं दोस्तीला लावली, तर बघणाऱ्याला तिथं प्रेम दिसणारच. हे आपल्याकडंच नाही. अमेरिकेत 'स्टार ट्रेक'च्या कर्क आणि स्पॉकवर चाहत्या बायकांनी 1970 च्या दशकातच प्रेमकथा लिहून हाताहाती वाटल्या होत्या. 1975 ते 1979 चाललेल्या 'स्टार्स्की अँड हच'मधल्या दोन पोलिसांचंही तेच झालं.

मामांनी उलट दाखला दिला तो 1993 च्या दूरदर्शनवरच्या 'ब्योमकेश बक्षी'चा. "त्याचं लगीन झालंय की! सत्यवती हाय."

"आणि अजित कुठं राहतो, आजोबा?"

मामा विचारात पडले. अजित लग्नानंतरही त्याच घरात राहतो. आतून मामींचा आवाज आला, "तात्या, जेवूनच जा. भाकरी टाकलीय."

आपल्या गावांची रीत अशी, की दोन गड्यांनी हातात हात घालून रेणुकामातेच्या नवरात्रात अख्खं देऊळ फिरावं, एका ताटात जेवावं, एका बाजेवर झोपावं, कुणाच्या भुवईचा केस हलत नाही. तेच नवरा-बायकोनं फाट्यावर हात धरला की चार दिवस हॉटेलाला विषय पुरतो. या सवलतीच्या आडोशाला किती दोस्त्या नुसत्या दोस्त्या होत्या आणि किती त्याहून जास्त, याचा पंचनामा कुणी केला नाही. गड्यांनी स्वतःही केला नसावा. बायको-पोरं, शेती, सोसायटीचं कर्ज यात जन्म निघून जातो, आणि "तू मला लागतोस" एवढं वाक्य तोंडातून न निघता राहतं. त्याच्या जागी माणूस म्हणतो, "शुक्रवारी ये, सीआयडी हाय."

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम 377 बद्दलचा निकाल दिला. दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं त्या दिवसापासून गुन्हा राहिलं नाही. कलम इंग्रजांच्या 1860 च्या कायद्यातलं. दुसऱ्या दिवशी कटिंगच्या दुकानात पेपर मोठ्यानं वाचला गेला, आणि दुकान फिदीफिदी हसलं. मामांच्या अर्ध्या गालाला साबण होता. ते आरशातूनच म्हणाले, "हसायला काय झालं? दीडशे वर्षं बंद असलेलं दार तोडलं कोर्टानं. दयाला जमलं नसतं." पुढं 27 ऑक्टोबरला 'सीआयडी'चा शेवटचा भाग झाला, तेव्हा चॅनेलला शिव्या घालायच्या ऐवजी त्यांनी तात्यांना समजावलं, "मोठं दार तुटलं. आता लहान दारं कशाला तोडायची?"

मामांना फार पुढारलेले समजू नका. मतदान, हुंडा, सूनबाईंची नोकरी, सगळ्यांवर त्यांची मतं जुन्यातली जुनी. पण जोडीच्या बाबतीत ते हटत नाहीत. मागं हॉटेलात कुणीतरी कुजबुजलं, की गावातला अमुक पोरगा पुण्याला एका पोरासोबत राहतो, नुसता रूम पार्टनर नव्हे म्हणं. बाकावरची सगळी डोकी एकत्र आली. मामांनी बशी खाली ठेवली. "राहू दे की. भाडं तू भरायलास का?" विषय तिथंच मिटला. जाताना तात्यांनी हळूच पुस्ती जोडली, "पोराला कुणीतरी गोळ्या देणारा पायजेच की गावाबाहेर."

डिसेंबर 2024 ला 'सीआयडी' परत सुरू झाली. मामांना आता नीट दिसत नाही, तात्यांना नीट ऐकू येत नाही. एक बघून सांगतो, दुसरा ऐकून सांगतो, आणि दोघांच्या मिळून एका भागात दोन वेगळ्याच केसी सुटतात.

तुमच्याही गावात असे एक मामा असतीलच. त्यांच्या दोस्तीला काय म्हणायचं, हे त्यांना विचारत बसू नका. ते सांगणार नाहीत आणि तुमचं अडणारही नाही. पुण्याला गेलेला तो पोरगा सणाला आपल्या जोडीदाराला घेऊन फाट्यावर उतरला, तर मात्र बाकावर जरा सरकून बसा, आणि चहा दोघांचा सांगा.