माननीय त्रुटी काढणाऱ्या साहेबांस, पडेगावहून

प्रति,
मा. त्रुटी काढणारे साहेब,
अधिछात्रवृत्ती विभाग.

विषय: मी खरोखर संशोधन करते की नाही, याबाबत.
संदर्भ: आपण परत पाठवलेली माझी फाईल.

महोदय,



पोस्टमनने पडेगावच्या खोलीवर आपलं पाकीट आणून दिलं. मंजुरीचं पत्र एका पानाचं असतं. हे चांगलं जाडजूड होतं, म्हणजे फाईल परत आली हे उघडायच्या आधीच कळलं. आत आपला शेरा: ‘शोधविषय औरंगाबाद शहराचा असताना हैदराबाद येथे जाण्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. प्रवासखर्च अमान्य.’

प्रयोजन सांगते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर आणली. ते पाणी पुढच्या काळात कोणत्या मोहल्ल्याला मिळालं, कोणाला नाही, नहरीची डागडुजी कोणाच्या खर्चाने झाली, हा माझा विषय. मोगल आणि निजामी दफ्तरांतले दख्खनचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत. तिथे का आहेत, असं आपण विचारणारच. १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली. पुढे प्रवासखर्चाचा प्रश्न येणार आहे, याची त्याला कल्पना नसावी. असती तर दफ्तर त्याने दौलताबादच्या रस्त्यावर, इथे आमच्या पडेगावातच ठेवलं असतं आणि मी चालत गेले असते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या तारखेला आम्ही इकडे झेंडावंदन करतो, ते उगाच नाही. तरी खुलासा म्हणून निजामाच्या राज्याचा नकाशा जोडत आहे. साक्षांकित केला आहे.

फारसी शिकवणीच्या फीवर आपला दुसरा शेरा आहे: ‘विषयाशी संबंध नाही.’ बरोबर आहे. कागद फारसीत आहेत, यात माझा काय संबंध!

खर्च तरी किती, तेही सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्चाला विज्ञानवाल्यांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि आम्हाला १०,०००. आम्हाला रसायनं लागत नाहीत, हे मान्य. आम्हाला रेल्वे लागते, झेरॉक्स लागते, दफ्तर बंद निघालं तर आणखी एक मुक्काम लागतो. पण माझं भांडण या दोन हजारांशी नाही. माझं भांडण तारखेशी आहे.

फेलोशिप दर महिन्याची म्हणून जाहीर होते आणि हातात पडते ती वर्षाची एकदम, ‘निधी उपलब्धतेनुसार’. तोवर खोलीचं भाडं, मेस, गावाकडचं आजारपण, सगळं उधारीवर. पैसे येतात तेव्हा ते आलेले नसतातच, वाटलेले असतात. प्रगती अहवाल मात्र सहामाही! त्यावर आधी आमच्या सरांची सही, मग विभागप्रमुखांची, मग संशोधन केंद्राच्या प्राचार्यांची, मग विद्यापीठाचा शिक्का. फेलोशिप म्हणजे संशोधनासाठी विकत घेतलेला वेळ, असं मी समजत होते. तो सगळा वेळ मी संशोधन करते हे सिद्ध करण्यात गेला, मग अहवालात प्रगती कुठून दिसणार? तिथे तुम्ही लिहिता, ‘प्रगती समाधानकारक नाही.’

२०१८ मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर कचरा सडला, तेव्हा कुठे आमच्या पडेगावात कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र उभं राहिलं. माझ्या फाईलला वास सुटायला अजून किती वेळ लागेल, एवढं कळवावं.

किरकोळ तक्रारी आटोपते. घरभाडे भत्त्यासाठी नोंदणीकृत करार हवा, आणि घरमालक काका म्हणतात, कागद करायचा तर खोली सोड. मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, त्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या सगळ्या आशा संपल्या. २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली, तर प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेटची निघाली. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात अजित पवारांनी विचारलं होतं की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार. दिवे राहू द्या, खोलीचं वीजबिल भरायचं आहे.

आता एक रागाची गोष्ट. आमच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आहे. ते मिळवायला माणसं मेली, घरं जळाली. कार्यक्रम कोणताही असो, पाहुणे आम्हाला सांगतात, बाबासाहेब बघा कसे शिकले, जिद्द पाहिजे! जिद्द होतीच हो. पण १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्तीही होती. ती संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी कर्ज दिलं, तेव्हा १९२० मध्ये परत जाता आलं आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा झाला. पाहुणे जिद्दीवर तासभर बोलतात आणि पैसे देणाऱ्यांची नावं गाळतात. का गाळतात, ते मला आता कळतं. नावं घेतली तर समोरची पोरं विचारतील, आमचे सयाजीराव कुठे आहेत? मग काय सांगणार, त्यांची फाईल वित्त विभागात आहे?

हे सगळं सुनावायला मी फोन केला होता. आपणच उचललात. मी चढ्या आवाजात हैदराबाद समजावत होते. आपण ऐकून घेतलंत आणि हळूच म्हणालात, ‘मॅडम, नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीची नहर तुम्ही एकच धरलीत का? त्या वेगळ्या आहेत. दुसऱ्या प्रकरणात गल्लत होतेय.’

साहेब, माझा अहवाल इतक्या सह्यांखालून गेला, पण तो वाचलेला पहिला माणूस तुम्ही. मग एकेक निघत गेलं. इतिहासात एम. ए., सेट झालेले, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलेले, पीएच.डी. अर्धी सोडलेले, आता अकरा महिन्यांच्या करारावर या टेबलाशी. शेऱ्यासाठी छापील तपासणी-सूची आहे. शोधविषयाचं ठिकाण आणि प्रवासाचं ठिकाण जुळत नसेल तर अमान्य लिहायचं. तुम्हाला हैदराबादचं प्रयोजन माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि तरी शेरा तुमच्याच हाताने पडला.

म्हणजे अख्ख्या यंत्रणेत या नहरींवर चार शब्द बोलू शकणारी दोन माणसं. त्यातल्या एकीला अर्ज लिहायला बसवलं आणि दुसऱ्याला ते परत पाठवायला. एवढी काटकसर कोणत्याही वित्त विभागाला सुचली नसती.

म्हणून माझ्या मागण्या तुमच्याकडे नाहीत, तुमच्या वरच्यांकडे आहेत. पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. सगळ्या त्रुटी एकाच वेळी कळवा. आणि अहवाल वाचण्याचं काम, पूर्ण पगारावर, या साहेबांना द्या. दुसरं प्रकरण मी दुरुस्त करतेय. तुमचं अर्धं राहिलेलंही पाठवून द्या. प्रयोजन विचारणार नाही.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, पडेगाव

प्रत माहितीस्तव: वित्त विभाग. (निधी उपलब्धतेनुसार वाचावे.)