होगार्थवाले गृहस्थ

लंडनच्या कडेच्या उपनगरांत हे गृहस्थ हमखास भेटतात. घराचं कर्ज फिटलेलं, मुलं मार्गाला लागलेली, आणि सोफ्यामागची भिंत रिकामी. छापील चित्र लावणं म्हणजे कॅलेंडर लावणं, असं त्यांचं मत. अस्सल चित्राला हात लावायची ऐपत नाही. मग मधला मार्ग निघतो : हाताने रंगवलेली नक्कल. चीनमधल्या शेनझेन शहरात डाफेन नावाची वस्ती आहे, तिथे १९८९पासून हाच उद्योग चालतो. व्हॅन गॉगची सूर्यफुलं तिथे बारा महिने उमलतात. पण सूर्यफुलं शेजाऱ्यांकडे आहेत, म्हणून आपल्या गृहस्थांनी विल्यम होगार्थ निवडला. ‘अस्सल इंग्रज माणूस!’ असं ते अभिमानाने सांगतात. पार्सल कुठून आलं, ते सांगत नाहीत.

होगार्थने १७४३च्या सुमारास ‘मॅरेज आ-ला-मोड’ ही सहा चित्रांची मालिका रंगवायला घेतली. कफल्लक सरदाराचा मुलगा, गडगंज व्यापाऱ्याची मुलगी, देण्याघेण्यावर ठरलेलं लग्न आणि मग त्याचे धिंडवडे. शेवटच्या चित्रापर्यंत नवरा तलवारीने मेलेला, बायकोचा वकील प्रियकर फासावर गेलेला, तिने विष घेतलेलं, आणि तिचा बाप शांतपणे तिच्या बोटातली अंगठी काढून घेतोय. शेवटी व्यापारीच तो!

भिंतीवर मावतात तीन. रक्त आणि विष जेवणाच्या टेबलासमोर नको, असं बाईंचं म्हणणं पडलं. तेव्हा पहिलं, दुसरं आणि चौथं घेतलं. त्यामुळे या घरात ते लग्न अजून टिकून आहे.

सरदारपुत्राच्या मानेवर होगार्थने एक काळा ठिपका काढलाय. ती गुप्तरोगाची खूण. पुढची बरीच कथा त्या ठिपक्याच्या जिवावर चालते. पार्सल उघडल्यावर गृहस्थांना तो रंगाचा डाग वाटला. त्यांनी जवळून फोटो काढले आणि कडक तक्रार ठोकली. कारखाना बिचारा भिडस्त. चित्रं परत मागवून मान स्वच्छ करून पाठवली. तिसऱ्या चित्रातल्या भोंदू वैद्याच्या गोळ्यांना जो रोग दाद देत नाही, तो डाफेनमध्ये फुकटात बरा झाला.

पाहुणे आले की चहाआधी चित्रफेरी. ‘बघा, दोन कुत्री एका साखळीत! नवराबायकोच म्हणायची.’ यावर ते स्वतःच आधी हसतात. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांशी फ्लॅटच्या डिपॉझिटची बोलणी झाली तीही पहिल्या चित्राखालीच. आपल्याकडच्या याद्यांच्या बैठकीला शोभेल असा थाट. वर सुजलेला पाय पुढे टाकून बसलेला म्हातारा सरदार आपल्या वंशवृक्षाकडे बोट दाखवतोय, खाली आपले गृहस्थ पेन्शनच्या कागदाकडे. दोघांचा आविर्भाव एकच; फक्त गृहस्थांचा पाय ठणठणीत.

चौथ्या चित्रात तर होगार्थने कमालच केलीय. सरदारणीच्या शयनगृहात इटालियन उस्तादांच्या चित्रांच्या नकला टांगल्यात आणि खाली लिलावातून उचलून आणलेला भंगार माल मांडलाय. मोठ्या नावांना भुलून भिंती भरणाऱ्यांवर त्याचा भारी राग. हे मी गृहस्थांच्या नजरेला आणून दिलं. ते मान हलवत म्हणाले, ‘काय एकेक लोक असतात!’

नक्कल करणाऱ्यांवरही त्याचा दात होता. त्याच्या छापचित्रांच्या चोरट्या आवृत्त्या निघू लागल्या, तेव्हा खटपट करून त्याने १७३५मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला. लोक त्याला ‘होगार्थचा कायदा’ म्हणतात. हे ऐकून गृहस्थ म्हणाले, ‘बरोबरच आहे. आमची छापील नाहीतच मुळी.’

मूळ चित्रं नॅशनल गॅलरीत फुकट बघायला मिळतात. गृहस्थ एकदा जाऊन आले. त्यांचा अभिप्राय : ‘बरी आहेत, पण आमच्याइतका रंग उठत नाही.’

आता जिन्याची भिंत घेतलीय. तिथे ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ हवंय, पुरती सहा चित्रं, कारण जिना लांब आहे. मी म्हटलं, ‘अहो, ती मूळ चित्रं १७५५मध्ये फॉन्टहिलच्या वाड्याला आग लागली त्यात जळाली. उरलेत ते काळे-पांढरे छाप.’ वाटलं, आता तरी बेत सोडतील. तर त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. ‘म्हणजे रंगीत फक्त आमच्याकडे!’

कारखान्याचा होकार आलाय. जिन्यावरच्या गालिच्याचा रंग कोणता, एवढंच त्यांनी विचारलंय.