मोनॅको कशाला, भूगाव आहे की

मोटारींची शर्यत बघायला मोनॅकोला जायचं तर व्हिसा लागतो, रजा लागते. पुणेकराने मे महिन्यात चांदणी चौक ओलांडला की पुरतं. मोनॅकोत ३.३३७ किलोमीटरच्या रस्त्यावर ७८ फेऱ्या मारतात. इथे भूगावात पहिल्या गिअरवर तेवढा वेळ एकाच जागी जातो आणि पौडनंतर ताम्हिणीपर्यंत तो भरून काढायचा असतो. कोणी म्हणेल, ही शर्यत नव्हे, सहल. मग मागे पोरं ओकत असताना ऐन वळणावर हॉर्न दाबून पुढच्याला बाजूला कोण सारतं? फरक आहे, नाही असं नाही. मोनॅकोत शर्यतीपुरती रहदारी बंद ठेवतात. मुळशीत समोरून एसटी येते, आणि करवंदांचे द्रोण मांडून बसलेल्या बायका थेट ट्रॅकलगत, बिनतिकीट.